पीए स्कूलला जागा मिळाली आहे, पण एवढा खर्च करावा का?

निशिगंध | ३ फेब्रुवारी २०२६, रात्री ११:४२

मंडळी, बरीच वर्षं नुसती वाचते आहे. आज स्वतःच्या अडचणीसाठी पहिल्यांदा धागा काढते. (पीए म्हणजे फिजिशियन असिस्टंट, डॉक्टरांच्या जोडीनं पेशंट तपासून उपचार करणारी व्यक्ती.)

मी नाशिकची. बीएचएमएस झाले आणि सिडकोत चार वर्षं स्वतःचा दवाखाना चालवला. २०१६ मध्ये लग्न होऊन न्यू जर्सीत आले. आमच्या पदवीवर इथे यूएसएमएलईला, म्हणजे डॉक्टरकीच्या परवान्याच्या परीक्षेला, बसता येत नाही, हे येण्याआधीच माहीत होतं. तरी पहिली काही वर्षं फार जड गेली. मुलगी झाली, ग्रीन कार्ड आलं. मग संध्याकाळी कम्युनिटी कॉलेजला जाऊन अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, केमिस्ट्री, स्टॅटिस्टिक्स सगळं नव्यानं केलं, कारण बहुतेक पीए शाळांना हे विषय इथल्याच कॉलेजातले लागतात. गेली दोन वर्षं एका फॅमिली मेडिसिनच्या क्लिनिकमध्ये मेडिकल असिस्टंट आहे, ताशी २१ डॉलरवर. पेशंटसोबत कामाचे साडेतीन हजार तास झालेत.

मधुमेहाचा पेशंट असला की खोलीत नेल्यावर त्याचे बूट-मोजे मी आधीच काढून ठेवते. मग आमची पीए येते, स्टूल ओढून पायाशी बसते आणि दहा ग्रॅमचा तो नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून वाकेपर्यंत दाबते. "डोळे मिटा, लागलं की सांगा." नोव्हेंबरात बडोद्याचे एक आजोबा आले होते. डाव्या अंगठ्याखाली तिनं तीनदा टेकवला, आजोबा गप्पच. बेचक्यात हरभऱ्याएवढी जखम होती, त्यांना तिचा पत्ताच नव्हता. मोजे काढतानाच मला ती दिसली होती आणि तिला मी दाराबाहेरच सांगितलं होतं. पुढे काय करायला हवं तेही मला कळत होतं. पण तिथे माझं काम मोज्यांपाशी संपतं.

आता मुद्दा. दोन ठिकाणी अर्ज टिकले आहेत. एक खाजगी शाळा, घरापासून गाडीनं ५५ मिनिटं, २७ महिने, १८ मे २०२६ ला सुरू. फी आणि बाकीचे आकार मिळून १,२०,००० डॉलर. इथे जागा पक्की आहे. २० फेब्रुवारीपर्यंत हजार डॉलर भरायचे, ते परत मिळत नाहीत. दुसरी सरकारी विद्यापीठाची, सगळं मिळून ८२,०००, जानेवारी २०२७ ला सुरू. तिथे मी प्रतीक्षायादीवर आहे.

मी ३६ वर्षांची. मुलगी सात वर्षांची. नवरा आयटीत, नोकरी ठीक, पण आजकाल कुणाची नोकरी पक्की म्हणायची? घरासाठी म्हणून साठवलेले ७०,००० आहेत. नवरा म्हणतो, तू ठरव. आईला फोन केला तर ती म्हणाली, आता या वयात कशाला कर्ज. दोघांचंही बरोबर वाटतं आणि झोप लागत नाही.

ज्यांनी हे केलं आहे किंवा जवळून पाहिलं आहे त्यांनी कृपया सांगा.

रानजाई | ४ फेब्रुवारी, सकाळी ७:१५

निशिगंध, रात्रपाळी संपवून घरी आल्या आल्या लिहिते आहे. मी मिशिगनमध्ये इमर्जन्सीत पीए आहे, सात वर्षं झाली.

आधी शिक्षणाचं खरं रूप सांगते, कारण खर्चाचा अर्धा भाग त्यात दडलेला असतो. पहिलं वर्षभर वर्ग. डॉक्टरांचं चार वर्षांचं शिक्षण कोंबून बसवल्यासारखं वाटतं. १९६५ मध्ये ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी पहिला वर्ग घेतला तो नौदलातून आलेल्या चार वैद्यकीय सेवकांचा. ज्यांनी आधी पेशंट हाताळलेत त्यांना थोड्या काळात तयार करायचं, ही कल्पना आजही तीच आहे. म्हणून तुमचा दवाखाना आणि हे साडेतीन हजार तास तिथे खूप उपयोगी पडतील. पण वेग फार असतो. आमच्याकडे दर आठवड्याला परीक्षा असायची, कधी दोन. नोकरी करत हे जमत नाही. बऱ्याच शाळा लेखीच बजावतात की काम करू नका.

दुसऱ्या वर्षी रोटेशन, म्हणजे काही आठवडे एकेका विभागात प्रत्यक्ष काम. फॅमिली मेडिसिन, इंटर्नल, सर्जरी, बालरोग, स्त्रीरोग, मानसोपचार, इमर्जन्सी हे सगळं करावं लागतं, आणि कुठे करायचं ते शाळा ठरवते. माझं स्त्रीरोगाचं रोटेशन घरापासून ९० मैलांवर लागलं. सहा आठवडे खोली घेऊन राहिले, घरचं भाडं सुरूच होतं. हा खर्च फीच्या पत्रकात कुठेच नव्हता. शाळेला आजच विचारा: गेल्या वर्षीच्या मुलांना सगळ्यात लांबचं रोटेशन किती मैलांवर मिळालं?

शेवटी पॅन्स ही लायसन्ससाठीची परीक्षा, ३०० प्रश्न, पाच तास. लायसन्स मिळाल्यावरही दर दोन वर्षांनी १०० तासांचं शिक्षण आणि दहा वर्षांनी पुन्हा परीक्षा.

पगाराबद्दल. सरकारी आकडेवारीत मे २०२४ ची पीएंची मध्यक मिळकत वर्षाला १,३३,२६० डॉलर आहे. हा आकडा पाहून कर्ज काढू नका, त्यात वीस वर्षं मुरलेले लोकही आहेत. मला पहिल्या नोकरीत १,०२,००० मिळाले, तेही रात्रपाळी आणि एकाआड एक शनिवार-रविवार धरून. तुम्ही हिशेब पहिल्या नोकरीच्या पगारावर करा.

आणि एक मनातलं. तुम्ही स्वतःचा दवाखाना चालवलेला आहे. पीएला बहुतेक राज्यांत कुठल्या ना कुठल्या डॉक्टरशी बांधून काम करावं लागतं. पाटी लावून एकटीनं बसणं हे ते काम नव्हे. मला त्याचा त्रास झाला नाही, कारण अडलं की विचारायला कुणीतरी शेजारी आहे याचा मला आधार वाटतो. तुम्हाला कसं वाटेल ते मात्र तुम्हीच तपासा.

पैका_अडका | ४ फेब्रुवारी, दुपारी १:०५

रानजाईंनी शिक्षणाचं छान सांगितलं. मी एडिसनला कर-सल्लागार आहे, पैशाचं बोलतो. या वर्षी यात एक मोठी गोष्ट आहे आणि निशिगंधताई, तुमच्या दोन शाळांच्या बरोबर मधून ती जाते.

जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्यानं ग्रॅड प्लस (पदवीनंतरच्या शिक्षणाचा पूर्ण खर्च भागवणारं सरकारी कर्ज) १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांना बंद होतंय. त्यानंतर मास्टर्स पातळीच्या विद्यार्थ्याला सरकारी कर्ज वर्षाला २०,५०० आणि एकूण एक लाखापर्यंतच. डॉक्टर, दंतवैद्य, वकील अशा 'व्यावसायिक' पदव्यांना मर्यादा जास्त आहे, वर्षाला ५०,००० आणि एकूण दोन लाख. पण शिक्षण खात्याच्या समितीनं नोव्हेंबर २०२५ मध्ये मान्य केलेल्या यादीत पीए नाही, नर्सिंगही नाही. माझ्या मते हे अन्यायाचं आहे, पण हिशेब आहे त्या नियमांवर करावा लागतो.

जे ३० जून २०२६ ला शाळेत दाखल असतील आणि ज्यांनी त्या अभ्यासक्रमासाठी सरकारी कर्ज त्याआधीच उचललं असेल, त्यांना जुन्या मर्यादा पुढे तीन वर्षांपर्यंत किंवा अभ्यासक्रम संपेपर्यंत, यातलं जे कमी ते, चालू राहतात. तुमची खाजगी शाळा १८ मे ला सुरू होते, म्हणजे तुम्ही यात बसू शकता. जानेवारीवाली बसत नाही. पण नुसत्या तारखेवर विसंबू नका. शाळेच्या आर्थिक मदत कार्यालयाला ईमेल करा: "उन्हाळी सत्राच्या कर्जाचा हप्ता ३० जूनच्या आत जमा होईल का?" उत्तर लेखी घ्या. काही शाळा उन्हाळी सत्र पुढच्या वर्षाच्या खात्यात धरतात, तिथे पैसे जुलैत येतात आणि सगळा डाव बिघडतो.

आता आकडेमोड. १,२०,००० पूर्ण कर्जानं घेतलं असं धरू. २०२५-२६ चा दर साध्या ग्रॅज्युएट कर्जाला ७.९४ टक्के, ग्रॅड प्लसला ८.९४. शिवाय ग्रॅड प्लसचे हजार डॉलर उचलले की त्यातले सुमारे ४२ डॉलर शुल्क म्हणून आधीच कापले जातात. शिकत असताना व्याज चढतंच. हप्ते सुरू होईपर्यंत रक्कम ढोबळमानानं १,३६,००० च्या पुढे गेलेली असेल. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला साधारण १,७०० डॉलर.

पण खरा खर्च इथे संपत नाही. ताशी २१ म्हणजे वर्षाला ४३,६८०. २७ महिने घरी पगार नाही, म्हणजे ९८,२८० गेले. फीमध्ये हे मिळवा: २,१८,२८०. ही तुमच्या निर्णयाची किंमत, व्याज सोडून.

दुसरी बाजू. पहिला पगार १,०५,००० धरला तर आजच्यापेक्षा साधारण ६१,००० जास्त. नवऱ्याच्या पगारावर हा वरचा पगार येणार, त्यामुळे केंद्राचा, राज्याचा कर आणि सोशल सिक्युरिटी मिळून तिसऱ्या हिश्श्याहून जास्त जाईल. हातात महिन्याला ३,२०० च्या आसपास वाढ. त्यातून १,७०० हप्ता. उरले १,५००. म्हणजे बुडालेला पगार, तोही कर वजा करून हातात आला असता तेवढाच धरला तरी, भरून निघायलाच तीन-साडेतीन वर्षं. तुम्ही तेव्हा बेचाळीसच्या पुढे असाल आणि मग वीसेक वर्षं कमाईची. मला हा सौदा वाईट दिसत नाही. मात्र पूर्णवेळ काम करणार असाल तरच. मुलीसाठी म्हणून पास झाल्याबरोबर अर्धवेळ करणार असाल, तर हप्ता अर्धा होत नाही.

ना-नफा इस्पितळात नोकरी धरलीत तर १२० हप्त्यांनंतर उरलेलं सरकारी कर्ज माफ होण्याची सोय आहे, ती जरूर बघा. बँकेच्या खाजगी कर्जाला ती नाही. सरकारी कर्ज कर्जदार गेला तर माफ होतं, खाजगी कर्जात अटी वाचाव्या लागतात. वाईट बोलतोय, पण घरात लहान मूल आहे म्हणून बोलतोय.

निशिगंध | ४ फेब्रुवारी, रात्री १०:२०

पैका_अडका, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवला. बुडणारा पगार आम्ही धरलाच नव्हता. ईमेल आत्ताच पाठवला.

रानजाई, पाटीच्या वाक्यावर बराच वेळ थांबले. सिडकोतली माझी पाटी अजून आईकडे माळ्यावर आहे. पण खरं सांगू, मला पाटी नकोय. मला पेशंट हवेत.

अबोली_म | ५ फेब्रुवारी, सकाळी ९:३३

दुसरी वाट सुचवते. मी बी.एस्सी. होते, इथे येऊन वेगवान नर्सिंगची पदवी घेतली, १५ महिने. मग आरएन (नोंदणीकृत नर्स) म्हणून कामाला लागले आणि एनपीचं (नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे स्वतः तपासून औषध देणारी नर्स) शिक्षण नोकरी करत तीन वर्षांत केलं. इस्पितळानं फीमधला काही वाटा उचलला. म्हणजे पगार बंद राहिला तो फक्त १५ महिने. आज मी जे काम करते ते शेजारच्या खोलीतली पीए करते त्याहून फार वेगळं नाही, आणि बऱ्याच राज्यांत एनपीला डॉक्टरशी बांधून न घेता काम करता येतं.

पण हेही सांगते. एकूण पाच वर्षं गेली. आरएनची रात्रपाळी, घरी येऊन असाइनमेंट, मुलगा आजारी. तुमचं पायाभूत शिक्षण डॉक्टरकीचं आहे आणि हातात पक्की जागा आहे. कुठलीच जागा नसती तर मी नर्सिंगच म्हटलं असतं.

मिरजकर | ५ फेब्रुवारी, दुपारी ४:१०

इथे विचारतो, विषय जवळचाच आहे. मुलगी बारावी झाली, नीटमध्ये एमबीबीएसपुरते गुण नाहीत. एका खाजगी विद्यापीठाच्या बी.एस्सी. फिजिशियन असिस्टंटला प्रवेश मिळतोय, चार वर्षं, वर्षाला दीड लाख. प्रवेश करून देणारे गृहस्थ म्हणतात की ही पदवी घेऊन थेट अमेरिकेत पीए होता येतं. खरं आहे का? माझं मिरजेत औषधांचं दुकान आहे, सहा लाख ही माझ्यासाठी लहान रक्कम नाही.

रानजाई | ५ फेब्रुवारी, रात्री ८:५०

मिरजकरकाका, हे खरं नाही. अमेरिकेत पीए व्हायला इथल्याच मान्यताप्राप्त पीए शाळेतून पदवी लागते, तरच पॅन्सला बसता येतं. भारतातली पीएची पदवी त्यासाठी चालत नाही. तिला इथे यायचं असेल तर निशिगंध आज जिथे उभ्या आहेत तिथूनच, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आणि ग्रीन कार्ड नसलेल्यांना सरकारी कर्ज नाही, अनेक शाळा परदेशी विद्यार्थी घेतही नाहीत. त्या गृहस्थांच्या बोलण्यावर एक रुपयाही भरू नका.

गोदाकाठ | ६ फेब्रुवारी, सकाळी ६:४०

मिरजकरकाका, मी पुण्यात हृदयशस्त्रक्रिया विभागात पीए आहे. आपल्याकडे या पेशाची सुरुवातच हृदयशस्त्रक्रियेतून झाली. १९९२ मध्ये चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये डॉ. के. एम. चेरियन यांनी पहिला अभ्यासक्रम काढला. बायपासच्या वेळी पायातली शीर काढून देणं, ऑपरेशननंतर आयसीयूत लक्ष ठेवणं, नातेवाइकांना समजावणं, हे माझं रोजचं काम. मला ते मनापासून आवडतं. २०२१ च्या अलाईड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्यात आमच्या पेशाचं नाव आलं, त्याआधी आम्हाला कुणी विचारतही नव्हतं.

पैशाचं स्पष्ट सांगतो. मला सुरुवात १८,००० पासून झाली. आठ वर्षांनी ४६,००० घेतो. आणि स्वतःच्या नावावर औषध लिहून देता येत नाही. मुलीला थिएटरमध्ये, टीमबरोबर काम करायची ओढ असेल आणि कॉलेजला स्वतःचं मोठं इस्पितळ जोडलेलं असेल, तर विचार करा. प्रवेशाआधी तिला घेऊन तिथल्या वॉर्डात एक दिवस जा. शेवटच्या वर्षाची मुलं काय करतात ते डोळ्यांनी बघा. नुसती फाईल उचलत फिरताना दिसली तर तिथून परत या.

मिरजकर | ६ फेब्रुवारी, सकाळी ११:०२

दोघांचेही मनापासून आभार. मुलीला वाचायला दिलं. रविवारी पुण्याला जातोय.

तिसरी_घंटा | ७ फेब्रुवारी, रात्री १२:१८

लिहू की नको, असं दोन दिवस चाललं होतं. निशिगंध, तुम्हाला घाबरवायचं नाही, पण हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते.

मी टेक्सासमध्ये पीए शाळेत होते. दुसऱ्या सत्रात सासऱ्यांचं आजारपण आलं, नवरा सात आठवडे सोलापूरला. मी एकटी, मुलगा चार वर्षांचा. क्लिनिकल मेडिसिनच्या एका विषयात किमान लागणारी बी श्रेणी मिळाली नाही. नियमाप्रमाणे मला त्या बॅचमधून काढून पुढच्या बॅचमध्ये टाकलं. पूर्ण एक वर्ष थांबले, त्या वर्षाचं व्याज चढत राहिलं आणि परत केलेल्या सत्राची फी वेगळी. सगळं मिळून ३०,००० डॉलरच्या वर गेलं. नंतर पास झाले, पॅन्स पहिल्या वेळी सुटली, आज नोकरी आहे, सुखात आहे. पण माझ्याबरोबर थांबवलेली दुसरी मुलगी परत आलीच नाही. तिला पदवी नाही आणि कर्ज आहे.

मला वाटतं, फी किती यापेक्षा हा प्रश्न मोठा आहे: घरात अडचण आली तर त्या २७ महिन्यांत कोण उभं राहणार? पहिल्या वर्षासाठी माणूस ठरवा, पैसे नंतर. प्रत्येक शाळेला पॅन्सचा पहिल्या प्रयत्नातला निकाल आणि किती मुलं वेळेत पूर्ण झाली, किती गळाली हे वेबसाइटवर ठेवावंच लागतं. दोन्ही शाळांचे पाच-पाच वर्षांचे आकडे शेजारी ठेवून बघा. शाळेच्या मान्यतेपुढे 'प्रोबेशन' (म्हणजे मान्यता धोक्यात) लिहिलेलं नाही ना, तेही बघा.

रानजाई | ७ फेब्रुवारी, सकाळी ८:०४

तिसरी_घंटा, लिहिलंत हे फार बरं केलंत. आमच्या बॅचमध्येही दोघी थांबल्या होत्या. दोघींचीही हुशारी कमी नव्हती, दोघींच्याही घरात आजारपण होतं.

निशिगंध | १७ फेब्रुवारी, रात्री ९:३०

उशीर झाला, माफ करा. एकेक करून सगळं तपासत होते.

शाळेचं लेखी उत्तर आलं: पहिला हप्ता मे महिन्यातच जमा होतो, २०२५-२६ च्या खात्यात. गळतीचे आकडे पाहिले. गेल्या पाच बॅचेसमध्ये दरवर्षी दोन-तीन जण थांबले आहेत, निकाल चांगला आहे, मान्यता नीट आहे. लांबचं रोटेशन ७० मैलांवर असतं. सरकारी विद्यापीठाला फोन केला, तर प्रतीक्षायादी जूनपर्यंत हलणार नाही आणि माझा क्रमांक सांगता येत नाही म्हणाले.

तिथली फी ३८,००० नं कमी. पण आठ महिने उशीर, कर्ज वर्षाला २०,५०० वर अडणार आणि उरलेलं बँकेकडून. शिवाय जागा मिळेलच असं नाही. आम्ही दोघांनी वहीत चार पानं आकडे लिहिले आणि खाजगी शाळेचं ठरवलं. सगळं कर्जानं नाही. घराच्या पैशांतले ४०,००० घालतोय, ८०,००० कर्ज. पैका_अडका यांच्या पद्धतीनं हप्ता साडेअकराशेच्या आसपास बसतो. ३०,००० ना हात लावायचा नाही, ते नवऱ्याची नोकरी गेली तर. घर चार-पाच वर्षं पुढे गेलं. ते बोलताना नवऱ्याचा चेहरा जरा उतरला, मग त्यानंच चहा टाकला. आणि पास झाल्यावर पहिली तीन वर्षं मी पूर्णवेळच काम करणार, हे आजच ठरवलं आहे.

तिसरी_घंटा, तुमचं वाचून नाशिकला फोन केला. सासूबाई मेच्या पहिल्या आठवड्यात येतायत, सहा महिने राहतील. त्या गेल्यावर आई येईल, 'आता या वयात कर्ज कशाला' म्हणणारी तीच. तिला आजोबांच्या पायाची गोष्ट सांगितली तर म्हणाली, "मग त्या पायाचं पुढे काय झालं?" जखम भरली. जानेवारीत ते परत आले होते, मोजे मीच काढले.

हजार डॉलर आज दुपारी भरले. क्लिनिकला ८ मे शेवटचा दिवस सांगितला.

आता दोन गोष्टी विचारायच्या आहेत. रानजाई, मेआधी हातात दहा आठवडे आहेत. फार्माकॉलॉजी आधी उघडू की अ‍ॅनाटॉमी पक्की करू? आणि दोन्ही आज्यांसाठी व्हिजिटर इन्शुरन्स कुणी घेतला असेल, आधीपासूनचा बीपी धरणारा, तर कृपया माझ्या विपूत (विचारपुशीत) लिहा.